अण्णा नाईकांचा वाडा कुठे आहे? माध्यमांतली उत्तर-आधुनिकता, पायरी-पायरीनं

सावंतवाडी-कुडाळच्या पट्ट्यात आकेरी नावाचं गाव आहे. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि आकेरीतल्या ज्या घरात तिचं चित्रीकरण झालं, त्या घराची ओळखच पालटली. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबायला लागल्या. काच खाली व्हायची आणि आतून प्रश्न यायचा, ‘‘अण्णा नाईकांचा वाडा कुठे आहे हो?’’ अण्णा नाईक हे मालिकेतलं पात्र. पण वाट सांगणारा ‘असा माणूसच नाही’ म्हणून वाद घालत बसायचा नाही. हात वर करून म्हणायचा, ‘‘तो काय, फुडल्या वळणार.’’

विचारणारा फसलेला नव्हता आणि सांगणाराही फसवत नव्हता. मालिका ही मालिका आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तरी गाडी वळायची, फोटो निघायचे. ही जी गंमत आहे ती नीट शब्दांत पकडायची असेल, तर उत्तर-आधुनिकतेचा सिद्धांत उपयोगी पडतो. नुसतं ‘टीव्हीचा प्रभाव’ म्हणून ती हातात येत नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात माध्यमांचा विषय शिकवते. दरवर्षी या प्रकरणाला पोचलो की वर्गात एकच गोष्ट होते. समाजशास्त्रज्ञ डॉमिनिक स्ट्रिनाटी यांच्या १९९५ च्या पुस्तकातून आलेली उत्तर-आधुनिकतेची पाच लक्षणं मुलं घोकतात: संस्कृती आणि समाज यांतली सीमा पुसणं, आशयापेक्षा शैलीला महत्त्व, उच्च कला आणि लोकप्रिय कला यांतला भेद मिटणं, काळ-स्थळाचा गोंधळ, महाकथनांचा, म्हणजे सगळ्याला अर्थ देणाऱ्या मोठ्या गोष्टींचा, ऱ्हास. मग समोर एखादी जाहिरात ठेवली की पाचही शिक्के धडाधड मारून मोकळी होतात. सरमिसळ दिसली, मारा शिक्का. याच हिशेबानं आमचा दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं आमचं लोकनाट्य, सगळ्यात आधी उत्तर-आधुनिक ठरेल, कारण त्याच्याइतकी सरमिसळ दुसरीकडे कुठे आहे? तो तसा का ठरत नाही, हे ज्याला सांगता आलं त्याला हा सिद्धांत कळला असं मी धरते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेनं जातात.

सुरुवातीला एक काम करा. अभ्यासासाठी एकच गोष्ट निवडा: एक रील, एक जाहिरात, मालिकेचा एक भाग किंवा एक फलक. ‘सोशल मीडिया’ असला ढीग घेऊ नका. निवडलेली गोष्ट तीनदा बघा आणि तिसऱ्या वेळी आवाज बंद करून बघा. वहीत फक्त दिसलं तेवढंच लिहा, अर्थ लिहू नका. अर्थाची घाई केली की पाच लक्षणं उड्या मारत पुढे येतात.

पायरी पहिली: आधी ‘आधुनिक’ काय ते ठरवा

‘उत्तर’ म्हणजे नंतरचं. कशाच्या नंतरचं, हे माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत. आधुनिकतेचा विश्वास साधा होता: बुद्धी वापरली, विज्ञान वापरलं, नीट नियोजन केलं, तर माणसाचं आयुष्य सुधारत जाईल. इमारती, कारखाने, शाळा, रेल्वे या सगळ्यांत हा विश्वास भरलेला असतो.

वास्तुकलेच्या समीक्षकांपैकी चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ मध्ये आधुनिक वास्तुकलेच्या मृत्यूची चक्क वेळ दिली: १५ जुलै १९७२, दुपारी ३ वाजून ३२ मिनिटं, ठिकाण अमेरिकेतलं सेंट लुइस. तिथला प्रुइट-आयगो नावाचा ३३ इमारतींचा गृहप्रकल्प सुरुंग लावून पाडायला घेतला होता. गरिबांना हवेशीर, नीटनेटकी घरं मिळावीत म्हणून १९५० च्या दशकात तो बांधला आणि वीस वर्षं व्हायच्या आत तो राहण्याजोगा उरला नाही. मिनिटाचा हिशेब जेंक्स यांचा खट्याळपणा आहे, तो इतिहास म्हणून उत्तरपत्रिकेत लिहू नका. मुद्दा एवढाच, की आराखडा उत्तम असला म्हणजे आयुष्य उत्तम होतं, या भरवशाला तिथे तडा गेला.

आपल्याकडे आधुनिकतेचं सगळ्यात देखणं चित्र म्हणजे कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. बोगदे, पानवल नदीवरचा उंच पूल, आणि रात्रीच्या एसटीत अंग आंबवणाऱ्या चाकरमान्याला मिळालेला बाक. इथे ‘आधुनिकता फसली’ असं म्हणणाऱ्याला मी गणपतीच्या गर्दीत सावंतवाडी स्टेशनवर उभं करीन. म्हणून ध्यानात ठेवा: एकाच जिल्ह्यात, एकाच घरात आधुनिक आणि उत्तर-आधुनिक शेजारी-शेजारी नांदतात. ‘आता उत्तर-आधुनिक युग आलं’ असली वाक्यं लिहू नका.

पायरी दुसरी: महाकथन शोधा, आणि त्यावर कोण विश्वास ठेवत नाही ते शोधा

ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार या फ्रेंच विचारवंताला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या विद्यापीठ परिषदेनं एक अहवाल लिहायला सांगितला होता. विषय होता संगणकाच्या काळातल्या ज्ञानाची अवस्था. तो अहवाल १९७९ मध्ये पुस्तकरूपानं आला आणि त्यानं उत्तर-आधुनिकतेची सगळ्यात जास्त उद्धृत होणारी व्याख्या दिली: महाकथनांवरचा अविश्वास. महाकथन म्हणजे अशी एक मोठी गोष्ट, जी बाकीच्या सगळ्या गोष्टींना अर्थ लावून देते. प्रगती, क्रांती, मुक्ती, विकास.

आपल्या किनाऱ्यावरचं महाकथन तीन शब्दांचं आहे: ‘कोकणचा कॅलिफोर्निया करू’. माझ्या आईनं ते ऐकलं, मी ऐकलं, माझ्या विद्यार्थ्यांनीही ऐकलंय. फक्त ऐकताना चेहऱ्यावर काय उमटतं ते बदलत गेलं. आईच्या पिढीच्या डोळ्यांत आशा असायची. माझ्या वयाची माणसं रागावतात, कारण मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे त्यांनी कमरेत साठवलेत. वर्गातली मुलं मात्र हसतात, आणि लगेच त्याचं मीम करतात. ल्योतार म्हणतो तो अविश्वास या हसण्यात आहे. रागावणारा अजून त्या गोष्टीला धरून असतो, ती खरी व्हायला हवी होती असं त्याला वाटतं. हसणाऱ्याचा तिच्याशी संबंध संपलेला असतो.

तेव्हा तुमच्या निवडलेल्या गोष्टीला दोन प्रश्न विचारा. यात कुठली मोठी गोष्ट गृहीत धरलेली आहे? आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा तिच्यावर भरवसा आहे का? दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

महाकथनांच्या जागी छोटी कथनं येतात, असंही ल्योतार म्हणतो. मालवणी बोलत मासे साफ करणारी बाई, पाट्यावरच्या वाटणाचं कालवण शिकवणारा बाप्या, रापणीचं जाळं कसं ओढतात ते दाखवणारा तरुण, हे सगळे आज मोबाइलवर आपापलं छोटं कथन मांडताना दिसतात. मला ते आवडतात. पण एक खोच आहे. पन्नास चॅनेल लागोपाठ बघितली तर सगळ्यांची सुरुवात तीच, ड्रोनचा गिरका तोच, मागचं संगीतही तेच. छोट्या कथनांना एकसारखं कापणारी कात्री आता अल्गोरिदमच्या हातात आहे. ल्योतारला १९७९ मध्ये ही कात्री दिसण्याचं कारण नव्हतं. तुम्हाला दिसते, तर लिहा.

पायरी तिसरी: सरमिसळ ओळखा, पण तिथे थांबू नका

एका कलाकृतीत दुसऱ्या कलाकृतीचे धागे येणं याला आपण आंतरसंहितात्मकता म्हणतो. साहित्य-भाषेच्या अभ्यासक ज्युलिया क्रिस्तेवा यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही संज्ञा रूढ केली. उदाहरणं शोधायला लांब जायला नको. रत्नागिरीकडच्या जाखडी नाचात सिनेमातल्या गाण्याची चाल पकडून कृष्णाची गोष्ट गातात. पेणहून गणपती आणताना लोक मुंबईतल्या प्रसिद्ध मंडळाच्या मूर्तीचा फोटो मोबाइलवर दाखवतात, ‘अगदी अशीच हवी.’

आता दशावताराकडे येऊ. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात. रात्री आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धि-सिद्धी, भटजी, सरस्वती, संकासूर. मग आख्यान. लिहिलेले संवाद नाहीत, कथासूत्र ठरलं की नट रंगमंचावरच बोलणं रचत जातात. एक बाकडं सिंहासनही होतं आणि डोंगरही. बायकांची कामं पुरुष करतात. पुराणातला राक्षस मधेच महावितरणच्या बिलाबद्दल बोलतो. स्ट्रिनाटींच्या यादीतली काळाची सरमिसळ, उच्च-नीच भेद मिटणं, सगळं यात आहे.

तरी मी याला उत्तर-आधुनिक म्हणत नाही. वेश चढवण्याआधी नट पेटाऱ्याच्या पाया पडतो. पहाटे दहीकाला होतो आणि तो देवाचा असतो. समोर गोधडीत बसलेली आजी कृष्णाचं सोंग आलं की हात जोडते, आणि तो कृष्ण शेजारच्या वाडीतला आहे हे तिला माहीत असतं. म्हणजे सरमिसळ भरपूर, पण तिच्याखालचा मूळ आधार जागेवर आहे. देव आहे, गोष्ट आहे, आणि त्या दोन्हींवर विश्वास आहे. उत्तर-आधुनिकता तपासताना मिश्रणाचं प्रमाण मोजू नका, मिश्रणाखाली काही शिल्लक आहे का ते चाचपा.

गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ याच कसोटीवर घासून बघा. गावातली मंडळी महाभारताचं नाटक बसवतात आणि ते कोसळत जातं. नाटकात नाटक, नाटक स्वतःकडेच बोट दाखवतं, म्हणजे आत्मनिर्देश हे लक्षण ठळक आहे. पण हसू कशामुळे येतं? द्रौपदी-वस्त्रहरणाची ‘बरोबर’ गोष्ट प्रत्येक प्रेक्षकाला पाठ आहे म्हणून. मूळ पक्कं असल्याशिवाय चूक विनोदी होत नाही. म्हणून माझ्या मते ते आत्मनिर्देशी आहे, पण अर्थ विरून गेल्याचं उदाहरण म्हणून ते वापरू नये. वर्गात यावर भांडणं होतात, होऊ देत.

अमेरिकी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ च्या लेखात केलेला एक भेद इथे फार कामाला येतो. विडंबन वेगळं आणि पेस्टिश वेगळं. दोन्हींत नक्कल असते. विडंबनाला लक्ष्य असतं, कुणाची तरी टोपी उडवायची असते. पेस्टिश म्हणजे कोरी नक्कल. शैली उचलली, घातली, मिरवली, टोला कुणालाच नाही.

गाऱ्हाण्यावरून हे चटकन कळेल. देवळात मानकरी उभा राहतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून गावाची सुखदुःखं देवापुढे मांडतो आणि जमलेले एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ही मूळ जागा. मग कुणीतरी रस्त्यातल्या खड्ड्यांवर गाऱ्हाणं रचतो: ‘टेंडर काढणाऱ्याक सद्बुद्धी दी रे म्हाराजा.’ हे विडंबन. लक्ष्य ठेकेदार, देवाची जागा शाबूत. आणि मग ‘व्हय म्हाराजा’ टी-शर्टवर छापलं जातं, हळदीच्या डीजेत ठोक्यावर बसवलं जातं. इथे मागणं उरलं नाही, देव नाही, तक्रारसुद्धा नाही. उरला तो एक मालवणी सूर, छान वाटतो म्हणून. हे पेस्टिश.

‘येवा, कोकण आपलाच असा’ या फलकाचंही थोडंफार तसंच झालंय. पाहुण्याला उंबऱ्यावर म्हणायचं वाक्य टोलनाक्यापासून चिवड्याच्या पाकिटापर्यंत पोचलं. नक्की कोणाला ‘येवा’ म्हणतोय, हे म्हणणाऱ्यालाही आठवत नसेल.

कॅनडातल्या समीक्षक लिंडा हचन यांना मात्र जेमसन यांचं हे म्हणणं पटत नाही. उत्तर-आधुनिक नक्कलही राजकीय असू शकते, ती प्रस्थापित प्रतिमांना आतून पोखरते, असं त्या म्हणतात. उत्तरात दोघांनाही जागा द्या आणि आपण कुणाच्या बाजूनं ते सांगा. ‘दोन्ही मतं आपापल्या जागी बरोबर आहेत’ या वाक्याला मी गुण देत नाही.

पायरी चौथी: प्रतिमा कितव्या अवस्थेत आहे ते ठरवा

हा सगळ्यात रसाळ भाग आणि सगळ्यात घसरडाही. फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रियार यांनी १९८१ च्या पुस्तकात प्रतिमेच्या चार अवस्था सांगितल्या. पहिलीत प्रतिमा वास्तवाचं प्रतिबिंब असते, दुसरीत ती वास्तव झाकते किंवा विकृत करते. तिसरीत ती मागे वास्तवच नाही हे झाकते. चौथीत तिचा कुठल्याही वास्तवाशी संबंध उरत नाही, ती स्वतःचीच नक्कल असते. या मूळ नसलेल्या नकलेला सिम्युलाक्रम म्हणतात. आणि जिथे अशा नकलाच खऱ्यापेक्षा जास्त खऱ्या वाटू लागतात ती अवस्था हायपररिअ‍ॅलिटी. मराठीत याला काही जण ‘अतिवास्तव’ म्हणतात. मी टाळते, कारण अतिवास्तववाद हा शब्द आपण चित्रकलेतल्या सररिअ‍ॅलिझमला आधीच देऊन बसलोय आणि परीक्षेत मुलं चित्रकार दालीची वितळलेली घड्याळं बोद्रियारच्या गळ्यात बांधतात.

चारही अवस्था एका कोकणी घरावर चढवून बघा.

आजोळच्या घराचा जुना फोटो: कौलं, पडवी, शेणानं सारवलेलं खळं, कोपऱ्यात सायकल, दोरीवर लुगडं. फोटोनं घर दाखवलं. पहिली अवस्था.

त्याच घराचा होमस्टेच्या जाहिरातीतला फोटो: मागचं सिमेंटचं न्हाणीघर कापलंय, पाण्याची काळी टाकी झाडामागे लपवलीय, दोरी काढलीय. घर आहे, पण निवडून दाखवलंय. दुसरी.

तिसरी अवस्था मला महामार्गालगतच्या हॉटेलांत दिसते. भिंत विटा-सिमेंटची, तिच्यावर जांभ्या चिऱ्यासारख्या दिसणाऱ्या टाइल्स चिकटवलेल्या. छपराला स्लॅब, स्लॅबच्या कडेला शोभेची कौलं. आत कंदील, त्यात एलईडी. शेजारच्या वाडीत खऱ्या चिऱ्यांची घरं आहेत, आणि त्यांतली कितीतरी गणपतीचे दिवस सोडले तर कुलपात. नांदतं घर कमी होत चाललंय, ही गोष्ट हे हॉटेल इतक्या प्रेमानं झाकतं की आपल्याला तिची आठवणही होत नाही. बोद्रियार डिस्नेलँडबद्दल हेच म्हणतात: बाहेरची अमेरिका खरी आहे असं वाटावं म्हणून डिस्नेलँडला काल्पनिक म्हणून दाखवलं जातं. आपलं हॉटेल त्याच धर्तीवर बाहेरचं कोकण जसंच्या तसं नांदतंय असं वाटायला लावतं.

चौथी अवस्था हल्ली दर पावसाळ्यात मोबाइलवर येते. एआयनं बनवलेलं ‘कोकणातलं गाव’: कौलारू घर, दारातून वाहणारी निळी नदी, मागे सह्याद्रीपेक्षा आल्प्सला जवळचा डोंगर, अंगणात आंबा आणि फणस एकाच फांदीला. या चित्रामागे घर नाही. आधीच्या हजारो चित्रांचं ते चित्र आहे. आणि खाली प्रतिक्रिया असते, ‘ह्यो गाव खंयचो? आमका जावचा आसा.’ अशा चित्रातल्या घरासाठी मन हुरहुरतं, तेव्हा हायपररिअ‍ॅलिटी पुस्तकातून उतरून हातात येते.

आकेरीचं घर कुठे बसतं? पट्कन चौथीत टाकू नका. तिथे चिरे खरे आहेत, घर खरं आहे. ते मालिकेआधी होतं. बदलली ती बघण्याची दिशा: आधी मूळ आणि मग प्रतिमा हा क्रम उलटला. लोक पडद्यावरचं घर आधी ओळखतात आणि प्रत्यक्ष घर त्याच्याशी जुळतं का ते तपासतात. गोव्यातल्या शापोरा किल्ल्याचंही हेच. ‘दिल चाहता है’ २००१ मध्ये आला आणि तेव्हापासून त्या बुरुजावर पाठमोरं बसून फोटो काढणाऱ्यांना किल्ला कोणी बांधला याचं काही पडलेलं नसतं. नकाशा आधी, प्रदेश नंतर, असं बोद्रियार म्हणतात ते हे.

याच पायरीवर दशावतार पुन्हा भेटतो, पण वेगळ्या रूपात. हल्ली ‘ट्रिक सीन’ असलेले प्रयोग गर्दी खेचतात: धूर, रंगीत झोत, हवेत उचललेला देव. हे देव कुणासारखे दिसतात? टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांमधल्या देवांसारखे. दूरदर्शनवर १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हापासून घरोघरी देवांचं एक रूप ठरून गेलं. त्या मालिकेतले देव कुठून आले? सिनेमातून आणि कॅलेंडरांतून. कॅलेंडरवरचे बरेचसे राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या वळणाचे, जी १८९४ पासून त्याच्या मुंबईतल्या छापखान्यातून घराघरांत गेली. आणि रविवर्म्यानं देवांना युरोपीय तैलचित्रांच्या शैलीत रंगवलं. मागे मागे जात राहा, मूळ हाताला लागत नाही, प्रत्येक थांब्यावर आणखी एक चित्र मिळतं. सिम्युलाक्रम शिकवायला याहून चांगली साखळी मला अजून सापडलेली नाही.

पायरी पाचवी: पैसा कुठून कुठे जातो

बोद्रियारच्या नादात मुलं ही पायरी गाळतात. जेमसन मार्क्सवादी परंपरेतले. त्यांच्या मते उत्तर-आधुनिकता हा भांडवलशाहीच्या आताच्या टप्प्याचा सांस्कृतिक चेहरा आहे. म्हणून विचारा: ही प्रतिमा कोण विकतं, कोण विकत घेतं?

हापूसचं उदाहरण पुरेसं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाजारात दुसरीकडचा आंबा ‘देवगड’ छापलेल्या खोक्यातून विकला जातो. मग बागायतदार खोक्यावर आणि फळावर खूण चिकटवतात. म्हणजे फळाचं खरेपण आता फळाच्या वासात नाही, स्टिकरवर आहे. आणि स्टिकरचीही नक्कल होऊ शकते. आमच्याकडे मात्र आंबा अजून देठाशी हुंगूनच घेतात.

काळ-स्थळाच्या गोंधळाला मी वेगळी पायरी देत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’चा २०१९ चा दुसरा भाग पहिल्या भागाच्या आधीची गोष्ट सांगतो, म्हणजे आधी मेलेला माणूस पुढच्या भागात जिवंत. एवढं उदाहरण त्यासाठी बस.

पायरी सहावी: आता लिहून बघा

समजा तीस सेकंदांचं एक रील आहे. ड्रोनमधून माडांची बनं, कौलारू घर. एक आजी बिडाच्या तव्यावर घावणे काढतेय. मागे गाऱ्हाण्याचा आवाज संगीतात मिसळलेला. शेवटी होमस्टेचा फोन नंबर.

वाईट उत्तर असं सुरू होतं: ‘या रीलमध्ये परंपरा आणि आधुनिकता यांचं मिश्रण असल्यामुळे ते उत्तर-आधुनिक आहे.’ इथेच गाडी रुळावरून उतरली.

बरं उत्तर असं: ‘रीलमधलं गाऱ्हाणं देवाला उद्देशून नाही, त्यातली मागणी ऐकूही येत नाही. आवाजाचा पोत तेवढा घेतला आहे. जेमसनच्या अर्थानं हे पेस्टिश आहे. आजी कॅमेऱ्याकडे बघत नाही, जणू चित्रीकरण होतच नाही. पण तव्यावर वरून पडणारा उजेड खिडकीचा नाही, दिव्याचा आहे. रोजचं काम ‘रोजचं’ म्हणून सादर झालं आहे. घर बोद्रियारच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या मधे कुठेतरी आहे, कारण शेवटच्या नंबरावरून कळतं की या घरात राहणारे म्हणजे पाहुणे. ‘मुळांकडे परत या’ हे महाकथन रील वापरतं, पण परत येणं दोन रात्री, तीन दिवसांचं आहे.’

दिव्याचा उजेड बघितलात? सिद्धांताचं नाव एकदाच आलं तरी चालतं, पण असा एक बारीक तपशील मात्र हवाच. तो तीनदा बघितल्याशिवाय सापडत नाही.

पायरी सातवी: सिद्धांताशी भांडा

‘सगळंच खोटं, सत्य असं काही नसतंच’ हा उत्तर-आधुनिकतेचा सर्वांत स्वस्त अर्थ आहे. बोद्रियार यांनी १९९१ मध्ये आखाती युद्धावर फ्रेंच दैनिकात तीन लेख लिहिले. शेवटच्याचं शीर्षक होतं, आखाती युद्ध झालंच नाही. माणसं मेली नाहीत असं ते म्हणत नव्हते. टीव्हीवर जे दिसलं ते आधीच आखलेलं, एकतर्फी दृश्य होतं आणि त्याला युद्ध म्हणणं कठीण आहे, असं म्हणत होते. तरीही ज्यांच्या घरावर बॉम्ब पडले त्यांना हे वाचून काय वाटेल, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारलाच पाहिजे.

जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी १९८० मध्येच म्हटलं की आधुनिकता हा अपुरा राहिलेला प्रकल्प आहे, तो टाकून द्यायचा नाही, पुरा करायचा. महामार्गासाठी उपोषणाला बसणारा माणूस नकळत हाबरमासच्या बाजूचा असतो. १९९६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांनी मुद्दाम निरर्थक लेख लिहून तो ‘सोशल टेक्स्ट’ या संस्कृती-अभ्यासाच्या नियतकालिकात छापून आणला आणि मग स्वतःच फोडलं. उत्तर-आधुनिक परिभाषेत काहीही खपतं हे त्यांना दाखवायचं होतं. त्यानं सिद्धांत खोटा ठरत नाही. पण आपल्या वहीतलं एखादं वाक्य आजीला समजावता येत नसेल, तर सोकल आठवावा आणि ते खोडावं.

मागे एका विद्यार्थ्यानं रविवर्म्यापासून ट्रिक सीनपर्यंतच्या साखळीवर प्रकल्प लिहिला होता. चांगला होता. त्याचे मामा दशावतारात विष्णूची भूमिका करतात. मी म्हटलं, त्यांना विचार, विष्णूचं मूळ रूप कुठलं, चित्रातलं की टीव्हीतलं की तुमचं? सोमवारी तो परत आला. मामा म्हणे रंग पुसता पुसता बोलले, ‘‘पेटाऱ्यातलो किरीट घातलंय काय विष्णू. काढलंय काय मी.’’ त्यानं ते जसंच्या तसं प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि खाली सिद्धांताचं एकही नाव घातलं नाही.